चुकीच्या रंगाचा उंट

माक्कुमच्या बंदरात संध्याकाळी चक्कर मारली, तर आजही काही बोटींच्या मागच्या फळीवर विब्रेन डोटिंगाच्या हातची अक्षरं दिसतात. ती ओळखायला सोपी आहेत. त्याचा 'एस' जरा पोट पुढं काढून उभा असतो, जेवून उठलेल्या माणसासारखा. बाकीचे रंगारी साचा लावत. विब्रेन खडूची एक रेघ ओढी, मागं सरके, डोळे बारीक करून बघे आणि मग एका दमात लिहून मोकळा होई.

आमच्या शाळेच्या दाराला हिरवा रंग त्यानंच दिला होता. आठवडाभर तो नुसता जुना रंग खरवडत होता. शेवटी मी म्हटलं, "विब्रेन, पोरांचं वर्ष संपेल, तुझं दार काही संपायचं नाही."

"मास्तर," तो मान वर न करता म्हणाला, "तू आधीचं न खरवडताच वर नवं फासतोस, म्हणून तुझं शिकवलेलं सुट्टीत गळून पडतं."

तेव्हापासूनची आमची ओळख. त्या वेळी तो चाळिशीत होता. बुद्धिबळाच्या मंडळात मी त्याच्यामुळंच गेलो. आमचं मंडळ बंदराजवळ, जुन्या शिडाच्या कारखान्यात भरतं. शिडं गेली, पण लाकडाला डांबराचा वास अजून आहे. तिथं कुणी मोठा खेळाडू नाही. आम्ही आठवड्यातून एकदा जमतो, चुका करतो आणि त्या चुकांवर दुप्पट वेळ बोलतो. विब्रेन आमच्यातला मधल्या फळीचा खेळाडू. पण त्याच्याशी डाव मांडायचा म्हणजे लांबचा प्रवास असे. तो कधी लवकर हरत नसे. वाईट अवस्थेत तो जास्त शांत होई, आणि समोरचा उगीचच घाईला येई.

साठी ओलांडल्यावर त्याच्या नजरेच्या बरोबर मध्यात एक डाग आला. कडेनं दिसे, मध्ये काही नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. एका बाईनं आपल्या बोटीला मुलीचं नाव ठेवलं होतं, ते लिहिताना त्याच्या हातून एक अक्षर गळलं. त्या बाईची मुलगी धक्क्यावर उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. विब्रेननं ती फळी पुन्हा घासली, रंगवली, नाव नीट लिहिलं. कसं लिहिलं ते त्यालाच ठाऊक. मग ब्रश धुऊन कापडात गुंडाळले आणि कामावर जाणं बंद केलं. पुढं काही वर्षांत कडेचा उजेडही गेला.

एक हिवाळा तो मंडळात आला नाही. घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसे. त्याची बायको आउक्ये मला दुकानात भेटली की म्हणे, "मास्तर, तो रेडिओसुद्धा लावत नाही. बसतो आणि बोटं चोळतो." मग तिनंच कुठूनतरी आंधळ्यांचा पट मागवला. त्याच्यावर काळी घरं किंचित उंच असतात आणि पांढरी सपाट. प्रत्येक घरात एक भोक, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर एक टोचरं टोक. पट बोटांनी वाचायचा. मोहरा भोकातून उपसला, तरच हात लावला असं धरतात, आणि मग तोच खेळावा लागतो. समोरचा आपल्या नेहमीच्या पटावर खेळतो, आणि दोघंही आपली चाल मोठ्यानं सांगतात.

चाल सांगण्याचीही एक रीत आहे. अक्षरं एकसारखी ऐकू येतात म्हणून पटाच्या उभ्या ओळींना नावं दिलेली असतात: आन्ना, बेला, सीझर, डाव्हिड, एवा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. एवा चार, गुस्ताव सात, असं म्हणायचं. पहिल्या दिवशी आमचा बाउके खाटीक म्हणाला, "हे काय, पट आहे का कुणाच्या लग्नाचं आमंत्रण?" पण महिन्याभरात तोच स्वतःशी खेळतानासुद्धा "बेला पाच" असं पुटपुटायला लागला. विब्रेनच्या टेबलावर तेवढा आवाज चाले, बाकी खोली गप्प. आम्हाला तो आवाज नसला की चुकल्यासारखं होई.

आणि एक गोष्ट सांगायला हवी. डोळे गेल्यावर विब्रेन पहिल्यापेक्षा चांगला खेळू लागला, असं काही झालं नाही. तो होता तेवढाच राहिला. पण तेवढंच राहण्यासाठी तो काय करी, ते मी पाहिलं आहे. सकाळी चहाच्या कपाबरोबर तो पट मांडीवर घेई आणि जुन्या डावांचे शेवट बोटांखाली पुन्हापुन्हा चालवी. एक राजा, एक प्यादं. दोन राजे, एक हत्ती. "हे दार खरवडणं आहे, मास्तर," तो म्हणे. "रंग नंतर."

मग एका वर्षी शरदात आमचा संघ दुसऱ्या गावी खेळायला गेला होता. विब्रेनचा डाव पार वाईट झाला होता. समोरच्या माणसाला आणखी थोडं रेटायचं होतं, एवढंच. पण तो माणूस उठला, टेबलाला वळसा घालून आला, विब्रेनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पुरे आता, आजोबा. बरोबरी करू. छान खेळलात."

विब्रेननं हात मिळवला.  परतल्यावर घराशी गाडीतून उतरताना म्हणाला, "हरलो असतो तर चाललं असतं. त्यानं मला गोळी दिली, मास्तर. रडणाऱ्या पोराला देतात तशी."

त्यानंतर त्याचं लक्ष सगळं तिकडंच गेलं. जिंकला, तरी विचारायचा, "तो नीट खेळला का? की मुद्दाम सोडलं मला?" आम्ही शपथा घ्यायचो. त्याचा विश्वास बसत नसे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही तेव्हा माणूस आवाजावरून ताडतो, आणि आवाजात तर सगळेच जरा मऊ होतात.

मार्चमध्ये हंगामाचा शेवटचा सामना होता, स्नेक गावच्या संघाशी, आमच्याच जागेत. दुपारी मी त्याला घ्यायला गेलो. तो माझं कोपर धरून चालतो. मी त्याला धरलेलं त्याला खपत नाही. वारा समोरून येत होता. पुलावर तो थांबला.

"आज शेवटचं बघतो," तो म्हणाला. "आज जर कुणी मला पुन्हा सोडलं, तर पट माळ्यावर. मंडळाला माझा नमस्कार."

"आणि तू हरलास तर?"

"हरलो तर पुढच्या वर्षी पुन्हा हरायला येईन. त्याचं काय."

आउक्येनं दारातच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तो खेळायचा थांबला, तर त्या खुर्चीतून उठायचा नाही. तुला माहीत आहे." मला माहीत होतं. पण याबाबत मी काय करणार होतो? समोरच्याला जाऊन 'त्याला सोडू नका' असं सांगणं हीसुद्धा एक प्रकारची दयाच झाली असती.

त्याच्यासमोर आला गोस्से रिन्स्मा. घरं विकण्याचा धंदा, पंचेचाळिशीचा, उंच, खांदे पुढं झुकलेले. त्याची ख्याती अशी, की त्याच्याशी खेळून उठलेला माणूस थेट बारकडे जातो. पण आंधळ्या माणसाशी तो कधी खेळला नव्हता. तो खाली बसला, पुन्हा उठला, हात पुढं केला, मग लक्षात आलं की हात दिसणार नाही, म्हणून जरुरीपेक्षा मोठ्यानं बोलला:

"नमस्कार, डोटिंगासाहेब. तुम्हाला खुर्ची ठीक आहे ना?"

"मला दिसत नाही," विब्रेन म्हणाला. "ऐकू येतं."

गोस्सेचे कान लाल झाले. पांढरे मोहरे त्याचे होते. पहिली चाल त्यानं केली आणि इतक्या हळू पुटपुटला की विब्रेननं कानामागं हात धरला. "चाल मोठ्यानं सांगायची असते."

"एवा चार," गोस्से म्हणाला. त्याचे सोबती माना वळवून बघायला लागले. डाव सुरू झाला.

मी संघाचा कप्तान होतो आणि शेवटच्या पटावर खेळत होतो. माझा डाव लवकर संपला, त्याबद्दल न बोललेलं बरं. मग मी टेबलांमधून हिंडू लागलो. विब्रेनच्या पटाशी बरीच गर्दी होती, पण मला नीट काही समजेना. दोघांचे वजीर एका बाजूला अडकले होते, घोडे पुढं आले होते. गोस्से कपाळ धरून बसला होता. अचानक त्यानं घसा खाकरला आणि फार हळू, फार अदबीनं म्हणाला:

"डोटिंगासाहेब, बरोबरी करू या का?"

विब्रेनची बोटं पटावर होती तिथंच थांबली.

संघाच्या सामन्यात अशी रीत आहे, की बरोबरी घ्यायची का, हे खेळाडू कप्तानाला विचारू शकतो. कप्तानानं डावाबद्दल अक्षर बोलायचं नाही; फक्त 'घे' किंवा 'खेळ' म्हणायचं. विब्रेननं मान वळवली. "मास्तर आहे का?"

"आहे."

"घेऊ?"

आमचा संघ त्या वर्षी गटाच्या तळाला होता. सामना बरोबरीत सुटला तरी आम्ही टिकणार होतो. हरलो तर खालच्या गटात. प्रत्येक अर्धा गुण हवा होता. मी म्हटलं, "घे."

तो माझ्याकडे तोंड करून थोडा वेळ थांबला, माझ्या आवाजात काही सापडतं का बघत असल्यासारखा. मग गोस्सेकडे वळला.

"नाही. खेळू या."

मी बाजूला झालो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, की गोस्सेनं त्याला सोडलं. तो आवाजच तसा होता, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसा.

त्यानंतर विब्रेन रागानं खेळला. माझ्या आठवणीत तो रागानं खेळलेला हा एकच डाव. नेहमी खरवडत बसणारा माणूस, आज थेट रंग फासायला निघाला. वजिराला वजीर दिला, घोडा पुढं टाकला, एक प्यादं गेलं, मग दुसरं. गोस्सेचा आवाज आता चांगला खणखणीत झाला होता. "हत्ती घेतो डाव्हिड सात." पुढं गोस्सेनं हत्तीलाही हत्ती देऊन टाकला. पटावर उरलं फार थोडं: गोस्सेचा राजा, एक उंट आणि उजव्या कडेची दोन प्यादी, विब्रेनचा राजा आणि एक घोडा.

तोवर बाकीचे सगळे डाव संपले होते. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले होते. राहिला होता हा एकच पट.

आत स्वयंपाकघरात बाउकेची बायको वाटाण्याच्या सुपाचं भांडं ढवळत होती. बाउके माझ्यामागं आत आला आणि दार लोटून घेतलं.

"तू 'घे' म्हणालास ना?"

"म्हणालो."

"मग?"

"मग तो नाही म्हणाला."

"अर्धा गुण ताटात वाढून आणला होता, आणि हा गडी ताट भिरकावतो. आता दोन प्यादी खाली आहे. मी रविवारी पुढच्या वर्षाचा प्रवास बघून ठेवतो. खालच्या गटात ती बेटावरची मंडळी आहेत. बोटीनं जावं लागतं. मला बोट लागते, मास्तर."

"तू आयुष्यभर बंदरात राहिलास."

"म्हणून तर माहीत आहे." त्यानं भांड्यातून सॉसेजचा एक तुकडा उचलला. बायकोनं त्याच्या हातावर पळी मारली.

आम्ही बाहेर आलो. विब्रेनची चाल होती. त्याचा राग उतरला होता. ते त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. त्याचा उजवा हात पटावर फिरत होता, पण एका ठिकाणी बोट पुन्हापुन्हा जाई: पटाच्या अगदी कोपऱ्यात, हेक्टर आठवर. तिथं ते टेकून राही, मग उंटाच्या घरावर जाई, मग परत कोपऱ्यात. एखाद्या फळीचा पोत तपासावा तसं. त्या कोपऱ्यात काही नव्हतं. मला वाटलं, त्याचा हात चुकतोय.

मग त्यानं घोडा उपसला.

"घोडा घेतो गुस्ताव चार."

बाउकेच्या तोंडून श्वास बाहेर पडला. गुस्ताव चारवर गोस्सेचं प्यादं होतं, पण त्याच्यावर उंटाची नजर होती. विब्रेननं आपला शेवटचा घोडा एका प्याद्यासाठी देऊन टाकला होता.

गोस्सेनं वर पाहिलं. "गुस्ताव... चार? घोडा?"

"हो."

"घोड्यानं घेतलंत? गुस्ताव चार?"

"मी आंधळा आहे, तू बहिरा आहेस का?" विब्रेन म्हणाला.

कुणीतरी हसलं. गोस्सेनं खांदे उडवले. "उंट घेतो गुस्ताव चार," असं म्हणून त्यानं घोडा पटाबाहेर ठेवला. आता त्याच्याजवळ उंट आणि कडेचं एक प्यादं, विब्रेनजवळ नुसता राजा. विब्रेननं राजा उचलला आणि कोपऱ्याच्या दिशेनं निघाला. दोन चाली झाल्या, तिसरी झाली, आणि गोस्सेचा हात हवेतच थांबला.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कडेचं प्यादं शेवटपर्यंत गेलं की वजीर होतं, पण ते जातं कोपऱ्यातल्या घरात. समोरचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला तिथून हुसकावून काढायला त्या घरावर मारा करावा लागतो. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांतून चालतो. गोस्सेचा उंट पांढऱ्या घरांतला होता, आणि तो कोपरा काळा. उंट कितीही धावला तरी त्या घरावर त्याची सावलीसुद्धा पडणार नव्हती. हे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाला पोरवयात शिकवलेलं असतं. गोस्सेलाही माहीत होतं. फक्त हत्तीला हत्ती देताना, आपल्याकडं दोन प्यादी जास्त आहेत या खुशीत, त्यानं कोपऱ्याचा रंग बघितला नव्हता. विब्रेननं तो बोटानं बघितला होता.

"अरे," गोस्से पटाकडं बघत म्हणाला. मग, "अरे, तू..." मघाची अदब कुठल्या कुठं गेली होती. "तू हे कधी बघितलंस?"

"खेळ चालू आहे," विब्रेन म्हणाला. "चाल सांग."

आमच्यात अशा वेळी रीत अशी, की पुढं खेळायचं नाही. डाव बरोबरीत आहे हे दोघांना कळलं, की हात मिळवायचा. विब्रेनचा राजा कोपऱ्यात पोचला आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो, की गोस्से हात पुढं करेल. गोस्सेनं हात पुढं केला नाही. त्यानं खुर्ची ओढून घेतली, कोपरं टेबलावर टेकली आणि उंट हलवला.

"उंट एवा सहा."

"राजा हेक्टर आठ."

"राजा फेलिक्स सहा. उंट कुठं आहे ते लक्षात आहे ना?"

"तुझं तू बघ."

आणि हे चालूच राहिलं. गोस्से उंटाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेई, राजा मागं घेई, पुन्हा पुढं आणी. एका चुकीची वाट बघत होता. आंधळ्या माणसाचा हात कधीतरी एका घरानं चुकेल, राजा कोपऱ्यापासून दूर पडेल, आणि मग प्यादं मोकळं. विब्रेन एकाच सुरात उत्तर देई: हेक्टर आठ. गुस्ताव आठ. हेक्टर आठ.

बाउके माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मघाशी विब्रेनवर चिडलेला हाच माणूस. "याला लाज नाही का? म्हाताऱ्याला दमवतोय. तू कप्तान आहेस ना, त्यांच्या कप्तानाला जाऊन सांग, पुरे म्हणावं."

"थांब," मी म्हटलं.

"अरे, पण हे बरं दिसत नाही."

"बाउके, त्याच्या तोंडाकडं बघ."

बाउकेनं पाहिलं. विब्रेन खुर्चीत ताठ बसला होता. त्याची बोटं पटावर सैल पडली होती. आणि तो हसत होता. मोठ्यानं नाही, ओठाच्या एका कडेला. शरदापासून त्याच्या तोंडावर मी असं काही पाहिलं नव्हतं. समोरचा माणूस त्याला हरवण्यासाठी जिवाचं रान करत होता. रीत मोडून, लाज सोडून, सगळ्यांच्या देखत. कुणी गोळी देत नव्हतं.

"बरं," बाउके म्हणाला आणि सूप आणायला गेला. सूप आलं, ते टेबलाच्या कडेला ठेवलं, ते निवलं.

शेवटी गोस्से कंटाळला, किंवा त्याचा राग संपला. त्यानं राजा जवळ आणला आणि प्यादं पुढं ढकललं. "हेक्टर सात."

विब्रेननं बोटांनी राजाभोवतीची घरं एकेक चाचपली. घाई केली नाही. "मला शह नाही," तो म्हणाला. "आणि चालही नाही."

असं झालं की डाव संपतो. बरोबरी. संघ टिकला. आमच्या मंडळींनी टेबलावर मुठी आपटल्या. आम्ही टाळ्या वाजवत नाही. गोस्सेनं घड्याळ थांबवलं आणि हात पुढं करण्याऐवजी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आख्खा जिंकलेला डाव," तो हातांतून बोलला. "आख्खा. मी आज रात्री झोपत नाही."

"हत्ती ठेवायचा होतास," विब्रेन म्हणाला.

"ते मला सांगू नकोस."

"हत्ती ठेवला असतास तर मी गेलो होतो. मला घाम फुटला होता."

"सांगू नकोस म्हटलं ना." मग त्यानं हात बाजूला केले आणि आपला पट पुन्हा मांडायला घेतला, भराभर, अर्ध्यातून. हेही आमच्यात ठरलेलं असतं. डाव संपल्यावर दोघं मिळून तो उकलतात, आणि खरं भांडण तिथं होतं. "इथं," गोस्से म्हणाला. "इथं सांग. वजीर अडकले होते, ती जागा. इथं तू बरोबरी का नाही घेतलीस? मला आजपर्यंत कुणी असं छळलं नाही."

  विब्रेन सरळच बोलला. "तू मला सोडत होतास."

"काय?"

"दया करत होतास. आवाज मऊ केला होतास."

गोस्सेनं आमच्या सगळ्यांकडं पाहिलं, हा माणूस शुद्धीवर आहे ना, अशा नजरेनं. "दया? अरे बाबा, माझा वजीर मरायला टेकला होता. आवाज मऊ नव्हता, आवाज बसला होता. घोडा सीझर तीनवर टाकला असतास तर मी काय करणार होतो? सांग. मास्तर, तुम्ही बघा, घोडा इथं येतो, आणि मला जायला घर आहे?"

मी पाहिलं. घर नव्हतं. विब्रेनची बोटं त्याच्या पटावर मोहरे मागं लावत होती. त्यालाही उलगडत गेलं. घोडा सीझर तीन. वजीर गेला. डाव त्याचा होता. पुऱ्या डावात त्याची बाजू वरचढ होती ती त्याच घडीला, आणि नेमक्या त्याच घडीला समोरच्यानं भीतीनं बरोबरी मागितली होती. दयेचा संशय घेऊन यानं ती झिडकारली, आणि मग रागाच्या भरात वजिराला वजीर देऊन सगळं उधळलं.

"म्हणजे मी जिंकत होतो," विब्रेन म्हणाला.

"जिंकत होतास. आणि मग मी जिंकत होतो. दोघंही गाढव."

विब्रेन हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, नेहमीच्या सवयीनं, बाहीनं. मग त्यानं हात लांब करून गोस्सेच्या लाकडी पटावरचा एक मोहरा चाचपला आणि तो आडवा पडला.

"हात लावलास," गोस्से म्हणाला. "आता तोच खेळायचा."

"तुझा उंट आहे तो. त्याला हात लावून काही होत नाही, ते आपण सगळ्यांनी बघितलं."

बाउके इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. ते दोघं तिथंच बसून राहिले. स्नेकची मंडळी कोट घालून दाराशी उभी राहिली, तरी गोस्से उठेना. "एक मिनिट," म्हणे, "याला दाखवतो," आणि विब्रेन म्हणे, "दाखव, मी बघतोच आहे."

घरी जाताना अंधारून आलं होतं. त्याचा हात माझ्या कोपरावर होता, पण जरा पुढं. तोच मला ओढत होता. वाटेत तो घोड्याच्या त्या न खेळलेल्या चालीबद्दल बोलत राहिला. पुलावर तो थांबला नाही.

आउक्येनं दार उघडलं. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"काय झालं?"

"बरोबरी," विब्रेन म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. त्या शब्दानं घरात गेल्या शरदापासून काय केलं होतं, ते तिलाच ठाऊक. मी काही बोलणार, तेवढ्यात विब्रेन कोट काढत म्हणाला, "राक्षस आहे तो माणूस. सूप निवलं तरी मला सोडीना. सगळे थांब म्हणत होते. आणि मी जिंकलेला डाव घालवला तो वेगळाच. सप्टेंबरमध्ये पुन्हा त्यांच्याशी सामना लागेल, त्यांच्या गावात. तोवर मला घोड्यांचं जरा बघायला हवं."

 आउक्येनं त्याच्या हातातून कोट घेतला आणि खुंटीला लावला.

"सप्टेंबर म्हणजे तुझी पुतणी लग्नाला बोलावतेय तो महिना," ती म्हणाली. "तारीख बदलायला सांगते तिला."